खाडा

बेळगावजवळ येळ्ळूरला आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं एक खिळा आहे. त्यावर कॅलेंडर नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. घरची म्हैस विकली त्या वर्षी गल्लीतल्याच एका घरचा दुधाचा रतीब लागला, आणि तेव्हापासून त्या कॅलेंडरला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल लटकत असते. लहानपणी मला वाटायचं, दूध आलं की आई खूण करत असणार. तसं नव्हतं. दूध आलं तर ती काहीच लिहायची नाही. आलं नाही त्या तारखेवर बारीक फुली. जादा घेतलं तर आकड्याशेजारी 'जा'. महिना संपला की बोट फिरवत फुल्या मोजायच्या, दिवसांतून वजा करायच्या, उरले त्यांना अर्ध्या लिटरनं गुणायचं. एकतीस दिवस, तीन खाडे, म्हणजे अठ्ठावीस दिवसांचं दूध. दूधवाली मावशी आपल्या वहीत बघून "बरोबर हाय" म्हणायची, चहा घ्यायची, पैसे कमरेला लावून जायची.

हे मी शेकडो वेळा पाहिलं असेल. त्यात माझ्या कामाचं काही आहे हे कळायला मात्र चाळिशी उलटावी लागली, आणि तेही कन्नड वाचायला शिकताना.

आप्पा २०१८ च्या दिवाळीनंतर गेले. सव्वा एकर भाताची जमीन त्यांच्या नावावर होती. वारसांची नावं चढवायला मी आणि भाऊ एका कचेरीत गेलो. इकडच्या कागदोपत्री भाषेत त्याला पौती खातं म्हणतात. टेबलापलीकडच्या माणसानं कागद फिरवून समोर ठेवला, बोटानं जागा दाखवली आणि म्हणाला, "इल्लि सही माडरी." मी केली. परतीच्या बसमध्ये त्या कागदाची आणि जुन्या उताऱ्याची झेरॉक्स उघडून बसले. सर्व्हे नंबर तेवढा ओळखता आला, कारण तो आकड्यांत होता. बाकी सगळी गोल गोल वळणं. त्या वळणांत कुठंतरी आप्पांचं नाव होतं आणि मला ते सापडत नव्हतं. माझ्या बापाचं नाव कुठं लिहिलंय हे ज्या कागदावर मला कळत नव्हतं, त्यावर मी सही करून आले होते.

बोलायला मला कधी अडलं नाही. बेळगावातल्या शहापूरच्या बाजारात 'एष्ट री?' (कितीला?) नं सुरू झालेला सौदा मराठीत संपतो, शेजारच्या अक्कांशी बोलताना एका वाक्यात दोन्ही भाषा येतात आणि दोघींनाही ते जाणवत नाही. आपण रोज तूप म्हणतो, त्या तुप्प म्हणतात. अक्का आणि अण्णा तर दोन्हींकडचे. शाळेतही कन्नड विषय होता. उत्तरं पाठ करून मी त्यात पास झाले होते. पण पास होणं आणि वाचता येणं यांत एक पूर्ण कागद बसतो हे त्या दिवशी बसमध्ये कळलं.

आमच्या घरात हे ठरवणं सोपं नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि तो दिवस आमच्याकडं काळा दिन म्हणूनच मोठ्या माणसांच्या तोंडी राहिला. आप्पा मला सायकलच्या दांडीवर बसवून त्या दिवशीच्या निषेध फेरीला न्यायचे. दंडाला काळी फीत बांधताना ती सैल झाली तर पुन्हा बांधायचे, शाळेच्या गणवेशाची टाय बांधावी इतक्या निगुतीनं. कागदपत्रं मराठीतून मिळावीत ही त्यांची मागणी शेवटपर्यंत होती. माझीही आहे. काकांना माझ्या हातात कन्नडची उजळणी दिसली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तू बी?" त्या दोन शब्दांचं ओझं मला बरेच दिवस वाहावं लागलं. मी त्यांना सांगितलं ते आजही तसंच सांगेन: मागणी मागणीच्या जागी आहे, पण सही माझी आहे, आणि मी ज्यावर सही करते ते मला वाचता आलं पाहिजे. माझी मराठी एवढी कच्ची नाही की दुसरी लिपी शिकल्यानं ती मला सोडून जाईल.

तर २०१९ च्या जूनमध्ये मी सुरुवात केली. त्या वेळी माझ्यात फार उत्साह होता, आणि उत्साहाला एक गोष्ट पुरत नाही. रोज कन्नड वीस मिनिटं, रोज चालणं, साखर बंद, दर महिन्याला ठरावीक शिल्लक, रोज दहा पानं वाचन, अशा पाच गोष्टी फोनवरच्या एका ॲपमध्ये घातल्या. प्रत्येक गोष्टीपुढं रोज एक हिरवा गोल भरायचा. गोलांची साखळी होते आणि वर आकडा दिसतो, सलग किती दिवस झाले त्याचा. चालणं आणि साखर पहिल्या पंधरवड्यातच गळाली. कन्नडचा आकडा मात्र चढत गेला. २५ जूनला सुरू केलेलं ४ ऑगस्टला ४१ दिवसांवर पोचलं. रात्री झोपण्याआधी मी तो आकडा बघायचे. खरं सांगायचं तर शेवटी शेवटी पुस्तक उघडायचं ते त्या आकड्यासाठीच.

ऑगस्टचा तो पहिला आठवडा बेळगावकरांना सांगायला नको. पाऊस थांबतच नव्हता. नदीकाठची गावं पाण्याखाली गेली, शहरातली मातीच्या भिंतींची जुनी घरं ढासळली. ५ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, येळ्ळूरच्या घराची मागची भिंत बसली. आम्ही रात्रभर धान्याची पोती उचलून माडीवर टाकत होतो, आई दिवा धरून उभी होती. दोन दिवसांनी फोन चार्ज झाला तेव्हा ॲप उघडलं. वर शून्य होतं.

भिंत पडल्याचं मला वाईट वाटलं होतं, पण रडू आलं ते त्या शून्यानं. एकेचाळीस दिवस कुठं गेले? मी तर शिकले होते, अक्षरं डोक्यात होती. पण मोजणारानं सांगितलं की तुझं काही नाही, पहिल्यापासून धर. मी धरलं नाही. पुढचे पाच महिने पुस्तक कपाटात राहिलं, ॲप काढून टाकलं, आणि काकांनी विचारलं असतं तर 'सोडलं' असंच सांगितलं असतं.

२०२० च्या भोगीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, येळ्ळूरला गेले होते. आई तीळ भाजत होती. नवं कॅलेंडर खिळ्यावर आलं होतं, जानेवारीचे चौदा दिवस झाले होते आणि त्यात दोन फुल्या होत्या. मी सहज विचारलं, वर्षाच्या सुरुवातीलाच खाडे? आईनं कढईतून वर न बघता सांगितलं, "म्हस आटली हुती त्येंची. मग काय, खाडा पडला म्हणून रतीब मोडतंय काय गं? दुसऱ्या दिशी आलं की दूध."

मी तिच्याकडं बघतच राहिले. एवढ्या वर्षांच्या कॅलेंडरांवर कितीतरी फुल्या पडल्या असतील, आणि एकाही फुलीनं आधीचं दूध नासवलं नव्हतं. रतीब लावताना आई कधी असं म्हणाली नसेल की वर्षभर एकही खाडा न पडता दूध आलं पाहिजे. तिनं फक्त दूध लावलं होतं. यायचं ते येणारच हे धरून चालायचं आणि न आलेल्या दिवसाची नोंद ठेवायची. माझ्या ॲपमध्ये उलटं होतं. तिथं न येणं हे गृहीत होतं आणि प्रत्येक आलेला दिवस ही एक जिंकलेली बाजी होती. म्हणून एक दिवस हरलं की सगळं हरलं.

'ध्येय' हा शब्द मला तेव्हापासून थोडा परका वाटतो. तो डोंगराच्या टोकावर असतो, राजहंसगडासारखा, खालून बघायचा. 'रतीब' दारात येतो. कन्नड मी ध्येय म्हणून ठेवलं तेव्हा ते मोडलं. रतीब म्हणून लावलं तेव्हा राहिलं.

दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, शंभर पानी वही घेतली. रोजच्या अभ्यासाची नोंद नाही. फक्त खाडा पडला तर तारीख, आणि शेजारी कारण.

कारणाचा रकाना आईच्या कॅलेंडरात नव्हता, तो मी उद्यमबागेतून, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतून आणला. मी एका ओतकामाच्या कारखान्यात हिशेब बघते. आमच्याकडं रोज किती नग ओतले यापेक्षा किती बाद झाले याची चर्चा जास्त होते, आणि बाद नग नुसता मोजत नाहीत. प्रत्येकाला कारण लागतं: ब्लो होल, वाळू, मोल्ड शिफ्ट, कोल्ड शट. ब्लो होल म्हणजे धातूत वायू अडकून राहिलेली पोकळी. साच्याची वरची आणि खालची पेटी नीट जुळली नाही की शिफ्ट. रस थंड पडला आणि दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकजीव झाले नाहीत की कोल्ड शट. पावसाळ्यात ब्लो होलचा रकाना फुगला की मेस्त्री आधी वाळूची ओल बघतात, कारण जास्तीच्या ओलीची वाफ होते आणि तीच धातूत अडकते. 'काम वाईट झालं' असं त्या रजिस्टरमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं. तसं लिहून भट्टीवरच्या माणसाला काय करायचं ते कळणार नाही. 'ओल' लिहिलं तर कळतं. पंधरा वर्षं ते रजिस्टर मी बेरजेसाठी हाताळत होते, आणि स्वतःबद्दल मात्र 'आपल्यात चिकाटी नाही' असा एकच शेरा मारत होते.

पहिल्या तीन महिन्यांत, १५ जानेवारी ते १४ एप्रिल, एक्क्याण्णव दिवसांत सव्वीस खाडे पडले. ॲप असतं तर मी पुन्हा सोडलं असतं. वहीत कारणं होती. पाहुणे पाच, मार्चअखेर तीन, डोकेदुखी दोन, दोन ठिकाणी नुसतं 'कंटाळा'. आणि चौदा ठिकाणी 'झोप आली'. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात देशभर टाळेबंदी लागली, कारखाना बंद, मी दिवसभर घरी. तरी शेवटच्या एकवीस दिवसांत अकरा खाडे. वेळ नाही म्हणून होत नाही, हे मी स्वतःला किती वर्षं सांगत होते! वेळ हातात आला आणि खाडे वाढले. चौदाच्या चौदा वेळा मी पुस्तक उघडलं होतं ते रात्री भांडी झाल्यावर, अंथरुणात बसून. ओल तिथं होती.

कारखाना पुन्हा सुरू झाल्यावर मी अभ्यास सकाळच्या चहाला बांधला. चहा ओतला की पुस्तक. कप संपला की बंद, मग कामाची बस. पुढं वाचनात आलं की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर असाच एक अभ्यास केला होता. प्रत्येकानं एक नवी सवय निवडायची आणि ती दिवसातल्या एखाद्या ठरल्या गोष्टीला जोडायची, 'न्याहारीनंतर' वगैरे. २०१० मध्ये तो छापून आला. सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरतील आणि कुणाला २५४ लागतील असं निघालं. त्यातलं एक निरीक्षण मी दोनदा वाचलं: मध्येच एखादी वेळ चुकली म्हणून सवय लागण्याच्या वाटेवर फारसा फरक पडला नाही. आईनं तीळ भाजताना सांगितलेलंच ते होतं.

बेंजामिन फ्रँकलिननं अठराव्या शतकात, विशी-पंचविशीच्या वयात, स्वतःसाठी तेरा गुणांचा तक्ता केला होता. सात दिवसांचे सात उभे रकाने, तेरा आडव्या ओळी, आणि चूक झाली की त्या चौकोनात काळा ठिपका. चांगलं वागल्याची खूण नाही, चुकल्याची. म्हणजे खाडेच. दर आठवड्याला तो एकाच गुणाकडं खास लक्ष द्यायचा. तेरा आठवड्यांत एक फेरा, वर्षात चार. जुने ठिपके खरवडून पुन्हा तीच वही वापरल्यानं कागदाला भोकं पडली, मग हस्तिदंती पानांची वही केली आणि ओल्या स्पंजनं पेन्सिलीचे ठिपके पुसू लागला. आपल्यात वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दोष निघाले, पण ते कमी होताना बघण्यात समाधान होतं, असं त्यानं लिहून ठेवलंय. एका बाबतीत मात्र मला तो पटत नाही, आणि ती म्हणजे पुसणं. माझ्या वहीतले जुने खाडे मला लागतात. २०२१ च्या मे महिन्यात सलग नऊ खाडे आहेत, कारण 'आई तापानं'. ते पुसले तर त्या महिन्यात मी कुठं होते हे मलाच सांगता येणार नाही.

खाडे कमी झाले, पण एक प्रश्न मोठा होत गेला. पुस्तकासमोर बसणं हे वाचता येण्याइतकं नव्हतं. चहाच्या कपाबरोबर पुस्तक उघडं असायचं, नजर ओळींवरून फिरायची, मन सिलिंडर कधी लावायचा त्यात. खाडा नाही, पण काम तरी कुठं झालं?

यावरचं उत्तर मला टिळकवाडीत मिळालं. काँग्रेस रोडवरून मी रोज जाते, वीरसौध आणि काँग्रेस विहीर तिथंच आहे. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात झालं. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. २०२४ च्या डिसेंबरात त्याची शताब्दी होती, गावभर रोषणाई होती, आणि त्या निमित्तानं मी त्या अधिवेशनाबद्दल मिळेल ते वाचलं. तिथं सभासदत्वाचा एक नियम मंजूर झाला होता: दरमहा २,००० वार एकसारखं सूत. वर्षाला चोवीस हजार वार. सभासद किती निष्ठावान हे चरख्यावर मोजता यावं अशी ती कल्पना. पण आजारपण किंवा अनिच्छा असली तर तेवढंच सूत दुसऱ्यानं कातलेलं दिलं तरी चालेल अशी सवलतही त्यातच होती. म्हणजे सूत मोजलं जाणार होतं, कातणारे हात नव्हे. पुढच्याच वर्षी सक्ती सैल झाली आणि वर्षाला चार आणे हा पर्याय आला. मला त्या नियमाचा राग येत नाही. एवढ्या मोठ्या देशाला रोजच्या हातकामाला बसवण्याचं ते धाडस होतं. पण ते वाचताना माझी वीस मिनिटं डोळ्यांपुढं आली. ॲपमध्ये मी भरलेले कितीतरी गोल दुसऱ्याकडून आणलेल्या सुतासारखे होते. माप भरलं होतं, कातणं झालं नव्हतं.

नशिबानं वहीच्या मागच्या पानांवर मी २०२० पासूनच आणखी एक गोष्ट करत होते, आणि तिची किंमत मला त्या वाचनानंतर नीट कळली. दर महिन्याच्या एक तारखेला शेजारच्या अक्कांकडचं कन्नड वर्तमानपत्र घ्यायचं, आधी न बघितलेला साधारण शंभर शब्दांचा एक परिच्छेद निवडायचा, घड्याळ लावून मोठ्यानं वाचायचा. किती मिनिटं लागली, कुठं अडले, किती शब्द कळले नाहीत, एवढं लिहायचं. पहिल्या दिवशी अक्कांनी दारातून विचारलं, "एन ओदाकत्तीरी?" मी परिच्छेद पुरा करू शकले नव्हते. पाट्या आणि मथळे एवढ्यावरच दम लागला होता. २०२१ च्या जानेवारीत अकरा मिनिटं. २०२२ च्या जानेवारीत चार.

आणि मग चारच. फेब्रुवारीत चार, मार्चमध्ये चार, थेट ऑगस्टपर्यंत चार. खाडे महिन्याला दोन-तीन, म्हणजे दूध रोज येत होतं, पण काही केल्या विरजण लागत नव्हतं. मुलगी म्हणाली, "आई, आता जमतंय की तुला, बास कर." मोह झाला होता. मी मागची पानं काढून अडलेल्या शब्दांची यादी कारणांप्रमाणं लावली, रिजेक्शन लावतात तशी.

मूळ अक्षरं ४९, ती कधीच झाली होती. प, ष, व, म ही सारखी दिसणारी मंडळी सुरुवातीला छळायची, द-ध-थ मध्ये एका रेघेचा नाहीतर ठिपक्याचा फरक, पण आता त्यांत चूक नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ ए-ओ मात्र अजून निसटत होता. आपल्या कानाला त्याची सवयच नाही. आखूड ओ घेऊन 'कोडु' म्हटलं तर दे, लांब ओ घेऊन म्हटलं तर शिंग. मुलगी हसून दुरुस्त करायची. पण ती वाचनाची गती अडवणारी गोष्ट नव्हती. यादीतल्या दर दहा शब्दांत सात शब्द जोडाक्षरांचे होते. कन्नडमध्ये दुसरं व्यंजन पहिल्याच्या पोटाखाली लटकतं, आणि कधी कधी त्याचा आकार मूळ अक्षराशी ओळखही दाखवत नाही. त्यातही 'र'. आपला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. कन्नडमध्ये तीच खूण त्या अक्षराच्याही पुढं, उजवीकडं येते, कन्नडमधल्या नऊच्या आकड्यासारखी. म्हणजे 'सूर्य' वाचताना डोळ्यानं शेवटी जाऊन जिभेनं मागं यायचं. माझा डोळा प्रत्येक वेळी तिथं ठेचकाळत होता आणि मी रोज नव्या ओळी वाचत सुटले होते, जणू पुढं गेल्यानं मागचा दगड आपोआप बाजूला होईल.

कुंद्याच्या मिठाईचा एक रिकामा खोका होता. पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून त्याचे पाच कप्पे केले. जर्मनीतल्या सेबास्टियान लाइट्नर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे. चिठ्ठीवर शब्द लिहायचा. बरोबर वाचला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला तर कितीही पुढं गेलेली असली तरी परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचे दिवसेंदिवस लांबवत. या खोक्याला वही लागत नाही, तोच नोंद आहे. पहिला कप्पा जाड असला की कळतं आपण कुठं आहोत, आणि तिथं खोटं बोलायला जागा नाही. दोन महिने फक्त जोडाक्षरं, बाकी काही नाही. खोक्याला तुपाचा आणि वेलदोड्याचा वास अजून येतो. अक्का म्हणाल्या, या वासानंच तुला भूक लागते अभ्यासाची.

ऑक्टोबरात तीन मिनिटं झाली.

बसमधला काळ मी वेगळा मोजत नाही, पण तो नसता तर हे जमलं नसतं. वायव्य कर्नाटकच्या लाल बसच्या पाट्या, तिसऱ्या रेल्वे गेटापाशी गाडी रखडली की समोरची दुकानं. २०२४ मध्ये पाट्यांवर साठ टक्के कन्नड असावं असा कायदा आला, त्यावर आमच्याकडं काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसांत मी खिडकीत बसून त्याच नव्या पाट्या वाचत असायचे आणि मनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी असायच्या: खाली बारीक झालेल्या मराठी अक्षरांचं दुःख, आणि वरची मोठी अक्षरं न अडखळता वाचता आल्याचा आनंद. दोन्ही खरे होते. वहीत त्यासाठी रकाना नाही.

एवढ्या वर्षांत मी दुसरं काहीही लावलं नाही. चालणं नाही, साखर नाही. मैत्रिणी विचारतात, इतकी शिस्त आहे तर बाकीचंही का नाही करत? मला वाटतं एका घराला एका वेळी एवढंच दूध पुरतं. पाच रतीब लावले असते तर पाचही भांड्यांवर माशा बसल्या असत्या. साखरेची पाळी येईल.

गेल्या हिवाळ्यात, भात मळून झाल्यावर, मी येळ्ळूरला गेले. जुन्या उताऱ्याची ती झेरॉक्स बरोबर घेतली होती. घडीच्या जागी कागद फाटायला आला होता. आई चौथीपर्यंत शिकलेली, मराठी अक्षर लावून वाचते. तिला अंगणात उन्हात बसवलं आणि वरून वाचायला सुरुवात केली. जिल्हा, तालुका, गाव. सर्व्हे नंबर. क्षेत्र, एकर-गुंठे. मग नावाचा रकाना. आप्पांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, आडनाव. आडनावात एक जोडाक्षर आहे, ते पोटाखाली लटकलेलं होतं, आणि मी त्यावर थांबले नाही.

आई म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं. तिनं कागद हातात घेतला, त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हितंच काय?" मी तिचं बोट धरून अर्धा इंच पुढं सरकवलं. ते तिथंच बराच वेळ राहिलं.

खाली पिकाचा रकाना होता. बेळे, म्हणजे पीक. ळ चा ल केला तर किंमत होते, हे मी तिला सांगितलं. पिकापुढं लिहिलं होतं, 'भत्त'.

"भत्त म्हणजे?"

"भात."

"मग तसंच म्हण की," आई म्हणाली, आणि वाळत घातलेल्या भाताकडं चिमण्या हाकलायला उठली.

त्या रात्री मी तिथंच राहिले. सकाळी चहा झाला, पण पुस्तक, खोका सगळं शहापूरला, माझ्या घरी. वहीत ती तारीख आहे आणि पुढं लिहिलंय: खाडा. कारण – आईला उतारा वाचून दाखवला, मुक्काम येळ्ळूर.